न विरघळणाऱ्या निळीची गोष्ट

पावसाचे पहिले दोन-चार सडे पडले की मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि शाळेच्या कुंपणालगत तरोटा उगवतो. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात याच झाडाला टाकळा म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी होते, पुढे पिवळी फुले येतात आणि मग वीतभर लांब, बारीक शेंगा लागतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वनस्पतितज्ज्ञांच्या पुस्तकांत या झाडाविषयी एक छोटी नोंद आढळते. निळा रंग तयार करताना याच्या बिया चुन्याच्या निवळीबरोबर वापरतात, अशी ती नोंद आहे. वाचणाऱ्याला वाटावे की बियांतूनच निळा रंग निघतो. तसे नाही. तरोट्याच्या बीत निळा रंग नाही. रंग निळीच्या झाडाचा, ज्याला जुन्या मराठीत गुळी असेही म्हणत. मग रंगारी तरोट्याचे बी रांजणात का टाकत होते?

या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. विकरांच्या (म्हणजे एन्झाइमांच्या) मदतीने होणाऱ्या ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या अभिक्रिया कोणत्या द्रावकात कराव्यात, हा आज रसायनशास्त्रात बराच चर्चेत असलेला विषय आहे. घातक द्रावकांऐवजी पर्यावरणाला कमी त्रासाचे, ज्यांना ‘हरित’ म्हणतात असे द्रावक शोधण्याची खटपट जगभर चालू आहे. तिचा इतिहास सहसा १९८० नंतरचा सांगतात. तो निळीच्या रांजणापासून सांगितला तर अधिक चांगला समजतो, असे माझे मत आहे.

पैठण हे गाव छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर (आजचे तेर) यांचा उल्लेख आहे. या गावांतून गाड्यांवर लादून माल भडोचच्या बंदरात जाई, आणि तेरच्या मालात साधे कापड व मलमल असे. त्याच पुस्तकात सिंधच्या बंदरातून ‘भारतीय काळा’ नावाचा पदार्थ निर्यात होई असेही म्हटले आहे. तो म्हणजे नीळच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पैठणच्याच जिल्ह्यात अजिंठा असल्याने तेथील चित्रांतला निळा रंगही निळीचाच असावा असे विद्यार्थ्यांना वाटते. तो मात्र लाजवर्दचा, म्हणजे अफगाणिस्तानातील बदक्शानच्या खाणींतून आणलेल्या दगडाचा आहे. दगडाची पूड भिंतीवर बसते, सुतात शिरत नाही. कापडासाठी नीळच हवी.

महाराष्ट्रात हा निळीच्या रंगाईचा धंदा करणारी स्वतंत्र जात होती. मुंबई इलाख्याच्या १८८४ साली निघालेल्या गॅझेटियरांत, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांच्या खंडांत, ‘निराळी’ या नावाने तिची नोंद आहे. इतर रंगाऱ्यांपासून यांचे काम खरोखरच निराळे होते, कारण निळीचा स्वभाव इतर रंगांसारखा नाही.

तो स्वभाव समजून घेण्यासाठी नीळ कशी बनते ते पाहू. निळीच्या झाडात निळा रंग नसतो. पानांत इंडिकन नावाचे रंगहीन, पाण्यात विरघळणारे संयुग असते. कापलेली झाडे हौदात रात्रभर भिजत घातली की पानांतलेच एक विकर इंडिकनचे दोन तुकडे करते. एक तुकडा ग्लुकोज, दुसरा इंडॉक्सिल. मग ते पिवळसर हिरवे पाणी दुसऱ्या हौदात घेऊन माणसे दोन-तीन तास वल्ह्यांनी घुसळत. हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळे, इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन निळीचे कण तयार होत आणि तळाशी बसत. हा गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडत. इथपर्यंतचे सारे काम पाण्यात झाले आहे.

अडचण यापुढे सुरू होते. वडी कुटून पाण्यात टाकली तर ती विरघळत नाही. मद्यार्कातही विरघळत नाही. निळीचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट धरून असतात की नेहमीच्या कोणत्याही द्रावकाची तेथे मात्रा चालत नाही. आणि जो रंग विरघळत नाही तो सुताच्या धाग्यात आत शिरणार कसा? (तो विरघळत नाही म्हणूनच एकदा आत बसला की धुतल्याने निघत नाही, हा त्याचा मोठा गुण. गुण आणि अडचण एकाच जागी आहेत.)

आजच्या प्रयोगशाळेत अशी अडचण आली तर पहिला विचार येतो तो द्रावक बदलण्याचा. निराळ्यांनी द्रावक बदलला नाही. त्यांनी विरघळायच्या पदार्थालाच काही काळापुरते बदलून घेतले. जमिनीत पुरलेल्या रांजणात पाणी, चुना, गूळ, कुटलेली नीळ आणि शिजवलेले तरोट्याचे बी घालून तो झाकून ऊबदार ठेवत. काही दिवसांत रांजण ‘येई’. पृष्ठभागावर तांबूस चकाकीचा पापुद्रा, त्याखाली पिवळट हिरवे पाणी आणि एक विशिष्ट उग्र वास, या त्याच्या खुणा. या पाण्यात सूत बुडवले की ते पिवळट हिरवे निघे आणि वाळत घालताना पाहता पाहता निळे होई. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी संधी मिळाल्यास जरूर पाहावे. ऑक्सिडीकरण डोळ्यांसमोर घडताना दाखवणारी इतकी सुंदर अभिक्रिया दुसरी क्वचितच सापडेल.

रांजणात घडते ते असे. निळीच्या प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणजे तिचे क्षपण होते. या क्षपित रूपाला ल्यूको-नीळ म्हणतात. ‘ल्यूको’ म्हणजे पांढरे. चुन्यामुळे पाणी अल्कधर्मी झालेले असते आणि अशा पाण्यात ल्यूको-नीळ विरघळते, धाग्यात शिरते. बाहेर हवेत आल्यावर ऑक्सिजन ते दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि धाग्याच्या आतच पुन्हा अविद्राव्य नीळ तयार होते. इलेक्ट्रॉन येतात गुळातून. गुळातली साखर खाऊन जगणारे जिवाणू रांजणात वाढतात, त्यांच्या शरीरातील विकरे साखरेचे इलेक्ट्रॉन काढतात आणि त्यांतले काही शेवटी निळीला जाऊन मिळतात. विकर-उत्प्रेरित क्षपण आणि तेही केवळ पाण्यात, अशी ही अभिक्रिया निराळी पिढ्यान्‌पिढ्या करत होते. जिवाणू, विकर, इलेक्ट्रॉन यांतला एकही शब्द त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

१८९७ चे दोन शोध

म्युनिच येथील रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८६५ पासून निळीचा पाठपुरावा केला, १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १८८३ मध्ये तिच्या रेणूची रचना निश्चित केली. पण प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात परवडेना. बीएएसएफ या जर्मन कंपनीने त्यासाठी सुमारे १ कोटी ८० लक्ष मार्क खर्च केले. नॅफ्थलीनचे ऑक्सिडीकरण स्वस्तात होईना, तेव्हा १८९६ च्या सुमारास एका रसायनज्ञाच्या हातून तापमापक फुटून पारा भांड्यात पडला आणि अभिक्रिया एकदम वेगाने झाली, अशी हकीकत सांगतात. पारा हा तेथे उत्प्रेरक ठरला. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची शेती झपाट्याने आक्रसत गेली.

त्याच १८९७ साली एदुआर्द बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर खलात वाटून, दाबून, त्यांचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घालताच तो रस फसफसू लागला. किण्वनाला जिवंत पेशी लागतात, ही पाश्चरप्रणीत समजूत त्यामुळे मोडली. पेशीतले विकर पेशीबाहेरही काम करते हे सिद्ध झाले. हे बुखनर बायर यांच्याच म्युनिचच्या प्रयोगशाळेत तयार झालेले. गुरूला १९०५ चे आणि शिष्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षी गुरूच्या संशोधनामुळे निळीचे झाड निरुपयोगी ठरू लागले, त्याच वर्षी शिष्याने रांजणात काय चालते हे समजण्याची किल्ली दिली. ती किल्ली निळीला लावून पाहायला मात्र कोणी शंभर वर्षे गेले नाही, कारण तोवर रांजणच अडगळीत गेला होता.

रांजण अडगळीत गेला तो कृत्रिम निळीमुळे नव्हे. कृत्रिम नीळही पाण्यात विरघळत नाही, तिलाही क्षपण लागतेच. आधी युरोपात हिराकस व चुना, मग जस्ताची भुकटी व चुना वापरत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोडियम डायथायोनाइट पुरेशा टिकाऊ स्वरूपात मिळू लागले. आपल्याकडचे रंगारी त्याला ‘हायड्रो’ म्हणतात. किण्वनाचा रांजण यायला काही दिवस लागत आणि थंडी पडली वा गूळ जास्त झाला तर तो बिघडे. हायड्रो आणि कॉस्टिक सोड्याने तेच काम तासाभरात होते. कोणता रंगारी हे नाकारील? जगभरच्या जीनच्या कापडाचा निळा रंग मुख्यतः याच मार्गाने चढत आला आहे. पण डायथायोनाइट एकदाच इलेक्ट्रॉन देते. त्यानंतर त्याचे सल्फाइट, सल्फेट व थायोसल्फेट होऊन ते सांडपाण्यात जाते. सल्फेटामुळे सिमेंटच्या वाहिन्या खराब होतात आणि पाण्यातला ऑक्सिजनही ओढला जातो. येथेही द्रावक पाणीच आहे हे लक्षात घ्यावे. केवळ पाणी वापरले म्हणून अभिक्रिया हरित होत नाही.

तरोट्याचे काम

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी वोड या युरोपीय निळीच्या झाडाचा रंगकुंड मध्ययुगीन पद्धतीने लावला आणि त्यातून निळीचे क्षपण करणारा जिवाणू वेगळा काढला. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस. पुढे जपानी रंगकुंडांतून अल्कलिबॅक्टेरियम गटातले अनेक नवे जिवाणू सापडले. चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात सुखाने राहणे हा त्यांचा विशेष.

आता एक कोडे उरले. विकर पेशीच्या आत, आणि नीळ बाहेर, अविद्राव्य कणाच्या रूपात. कित्येकदा तो कण जिवाणूपेक्षाही मोठा. जिवाणू तो गिळू शकत नाही. मग इलेक्ट्रॉन पोहोचतात कसे? रेडिंगच्या गटाने २००५ च्या सुमारास दाखवले की अँथ्राक्विनोन जातीचे संयुग थोडेसे घातले की जिवाणूंकडून होणारे निळीचे क्षपण वाढते. क्विनोनाचा रेणू लहान. तो जिवाणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो, निळीच्या कणापर्यंत जाऊन ते देतो आणि रिकामा होऊन परत येतो. पैठणला रांजण म्हटले की नाथांच्या वाड्यातला, श्रीखंड्याने कावडीने भरलेला रांजण आठवतो. आपल्या रांजणातही कावड वाहणारा कोणी तरी हवा होता, आणि तो क्विनोन होता. युरोपातले रंगारी वोडच्या कुंडात मंजिष्ठासारख्या एका झाडाची मुळी घालत. तिच्यात अँथ्राक्विनोने भरपूर असतात. आणि तरोट्याच्या बीत? क्रायसोफॅनॉल, एमोडिन ही त्याच कुळातली संयुगे. प्रयोगात वापरलेल्या डायहायड्रॉक्सी-अँथ्राक्विनोनला एक मिथिल गट जोडला की क्रायसोफॅनॉल होते, इतके हे जवळचे नाते आहे. बियांतली पिष्टमय द्रव्ये जिवाणूंचे खाद्य होत असणार हेही खरे, पण दख्खनच्या रंगाऱ्यांनी हजारो बियांतून नेमके हेच बी निवडले यामागे कावडीचे काम असावे, असा तर्क करायला आता चांगला आधार आहे.

जुने म्हणून सारे निर्मळ होते असे मात्र समजू नये. निळीच्या हौदांत पाणी अतोनात लागे. बंगालमध्ये १८५९-६० साली आणि पुढे १९१७ मध्ये चंपारणात शेतकऱ्यांनी निळेविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नव्हे. येथे मला रांजणातून एवढेच घ्यायचे आहे: न विरघळणारा पदार्थ आणि पाण्यातले विकर यांची गाठ कशी घालावी, या प्रश्नाचे एक उत्तर.

पाण्याबाहेरचे विकर

हाच प्रश्न औषधांच्या कारखान्यांत रोज उभा राहतो. औषधांचे बहुतेक रेणू तेलकट स्वभावाचे, पाण्यात न विरघळणारे. विकर पाण्यातले. म्हणून रसायनज्ञांनी उलटा मार्ग धरला: विकरालाच पाण्याबाहेर न्यायचे. दुधात एक ऑक्सिडीकरण करणारे विकर असते, झँथिन ऑक्सिडेज. १९६७ साली डॅस्टोली व प्राइस यांनी ते सेंद्रिय द्रावकात नुसते कणरूपाने तरंगत ठेवले तरी काम करते असे दाखवले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. विकर म्हणजे नाजूक प्रथिन, सेंद्रिय द्रावकात ते मोडणार, हे सर्वांनी धरूनच ठेवले होते.

१९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झॅक्स व क्लिबानॉव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातले मेद पचवणारे विकर जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात १०० अंश सेल्सिअसला काम करताना दाखवले, तेव्हा शंका घ्यायला जागा उरली नाही. विकराला बुडायला पाणी लागत नाही. त्याच्या अंगाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर पुरतो. पुढच्याच वर्षी याच प्रयोगशाळेतून ऑक्सिडीकरणाचे एक उदाहरण आले. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, ते ज्या विकरामुळे, तशाच अळिंबीतल्या विकराने क्लोरोफॉर्ममध्ये फिनॉलांचे ऑक्सिडीकरण केले. पाण्यात ही अभिक्रिया अडते, कारण तयार होणारी क्विनोने एकमेकांना चिकटून काळा गाळ करतात आणि विकरालाही निकामी करतात. क्लोरोफॉर्ममध्ये तसे होत नाही. शास्त्र म्हणून फार सुंदर. पण क्लोरोफॉर्म! निसर्गाचे सौम्य विकर घ्यायचे आणि ते यकृताला घातक द्रावकात ठेवायचे, ही विसंगती डोळ्यांत भरते.

आमच्या गावातही ती दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून २००९ साली बेकरीतल्या यीस्टच्या साहाय्याने बेंझोथायाझोल वर्गातली संयुगे बनवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आधी दोन रेणूंची जोडणी आणि मग हायड्रोजन काढून घेणे, म्हणजे ऑक्सिडीकरण, असा तिचा क्रम. पावाच्या भट्टीत मिळणारे उत्प्रेरक, साधे तापमान, हे सारे कौतुकास्पद. माध्यम मात्र सेंद्रिय द्रावकाचे. यात संशोधकांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. निराळ्यांपुढे होता तोच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी आपल्या काळाचे उत्तर वापरले.

क्षपण-ऑक्सिडीकरणाच्या विकरांची आणखी एक अडचण आहे. मेद पचवणारे विकर एकटे काम करते. क्षपण करणाऱ्या विकराला मात्र इलेक्ट्रॉन आणून देणारा सहकारी लागतो. पेशीत हे काम एनएडीएच किंवा एनएडीपीएच हा रेणू करतो. तो महाग आहे, पाण्यातच विरघळतो आणि एकदा इलेक्ट्रॉन दिला की रिकामा होतो. तो पुन्हा पुन्हा भरून घेण्याची सोय हवी. त्यामुळे मेदविकरांनी सेंद्रिय द्रावकांत मजल मारली तेव्हाही ही विकरे बराच काळ मागे राहिली. २००६ मध्ये अमेरिकेत हरित रसायनाचे पारितोषिक मिळालेली एक पद्धत येथे सांगण्याजोगी आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या अटोर्वास्टॅटिन या औषधाचा एक घटक तिने बनवतात. एक विकर कीटोनचे क्षपण करते, दुसरे विकर ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून रिकाम्या एनएडीपीला पुन्हा भरते. पाणी आणि त्यात न मिसळणारे एस्टर असे दोन थर असतात. विकरे आणि साखर पाण्यात राहतात, तेलकट पदार्थ वरच्या थरात ये-जा करतो. इलेक्ट्रॉन साखरेचे, मध्ये कावड वाहणारा रेणू, शेवटी न विरघळणारा पदार्थ: गूळ, तरोटा आणि नीळ यांचीच ही मांडणी आहे. कारखाना उभारणाऱ्यांनी निराळ्यांकडून ती घेतली असे मी म्हणत नाही. प्रश्न सारखा असला की उत्तरेही जवळ येतात.

२००० च्या सुमारास आयनी द्रवांची लाट आली. हे म्हणजे साध्या तापमानालाही द्रव असणारे क्षार. त्यांची वाफ होत नाही, म्हणून हवा बिघडत नाही. २००१ मध्ये अशा द्रवात यीस्टकडून कीटोनांचे क्षपण करून दाखवण्यात आले. उत्साहाच्या भरात त्यांना सरसकट ‘हरित’ म्हटले गेले. नंतर लक्षात आले की त्यांतले काही पाण्याशी संयोग होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात, काही जलचरांना विषारी आहेत आणि ते बनवायलाच बरेच सेंद्रिय द्रावक खर्ची पडतात. वाफ न होणे हा एक गुण झाला. त्यावरून सगळी पत्रिका जुळली असे होत नाही.

मला अधिक आशा वाटते ती २००३ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मिश्रद्रवांबद्दल. कोलीन क्लोराइड हा कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो पदार्थ. तो ३०२ अंशांला वितळतो. युरिया हे आपल्या ओळखीचे खत १३३ अंशांला. एका रेणूस दोन रेणू या प्रमाणात दोन्ही घोटले तर मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रवच राहते! बर्फात मीठ घातल्यावर त्याचा वितळणांक उतरतो हे आपण वर्गात शिकवतो, हा त्यातलाच पण फार मोठा उतार आहे. २००८ मध्ये विकरे अशा द्रवांत टिकतात हे दिसून आले. २०१४ साली कोलीन क्लोराइड, ग्लिसरीन आणि पाणी यांच्या मिश्रणात यीस्टकडून एका कीटो-एस्टरचे क्षपण करताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. नुसत्या पाण्यात यीस्ट ज्या बाजूचा, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या जोडीतला जो रेणू बनवते, त्याऐवजी मिश्रद्रवाचे प्रमाण वाढवत नेल्यावर त्याची आरशातली प्रतिमा अधिक बनू लागली. यीस्टमध्ये क्षपण करणारी विकरे अनेक असतात, त्यांतल्या एका गटाला हा द्रव दडपतो, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. म्हणजे द्रावक ही नुसती जागा नव्हे. कोणत्या विकराने काम करायचे हेही तो ठरवतो. औषधांत ही बाब किती मोलाची असते हे सांगायला नको.

या साऱ्या मोजमापात एक गाळलेली जागा आहे. १९९२ साली रॉजर शेल्डन यांनी प्रत्येक किलो उत्पादनामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो ते मोजण्याची पद्धत सुचवली. औषधनिर्मितीत हा आकडा २५ ते १०० आणि त्याहूनही अधिक निघाला. त्यातला मोठा वाटा द्रावकांचा असतो. मात्र मूळ हिशेबात पाणी धरलेले नव्हते. हॉलंडात बसून पाणी वगळले तर ते समजण्याजोगे आहे. येथे वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांचे आणि शहराचे पाणी पैठणच्याच जायकवाडी धरणातून येते, आणि २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्याच्या कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला होता. पाण्यात केलेली अभिक्रिया हरित, असे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे पाठ करू नये. अभिक्रियेनंतर ते पाणी किती दूषित होते आणि किती वेळा पुन्हा वापरता येते हे विचारले पाहिजे. निराळ्यांचा रांजण या बाबतीत शहाणा होता. एकदा आलेला रांजण ते रिकामा करत नसत. गूळ, चुना आणि नीळ यांची भर घालत तेच पाणी दीर्घकाळ चालवत.

वर्गात निळीचा रांजण लावणे अवघड आहे, पण त्याचा छोटा नमुना करता येतो. जीवशास्त्राच्या कपाटात मिथिलिन ब्ल्यू असतेच. ते निळ्या रंगाचे, दोन इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होणारे आणि हवेत पुन्हा निळे होणारे संयुग आहे. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात दोन चमचे सुके यीस्ट आणि एक चमचा साखर घालून १५ मिनिटे ठेवावे. चार परीक्षानळ्या घ्याव्यात. पहिलीत ५ मिलिलिटर यीस्टचे पाणी व तेवढेच साधे पाणी. दुसरीत तसेच, पण यीस्टचे पाणी आधी उकळून गार केलेले. तिसरीत ५ मिलिलिटर यीस्टचे पाणी व तेवढेच ग्लिसरीन. चौथीत ग्लिसरीनऐवजी स्पिरिट. (स्पिरिट असल्यामुळे जवळ ज्योत नको. उकळण्याचे काम आधीच उरकून घ्यावे.) प्रत्येकीत मिथिलिन ब्ल्यूच्या सौम्य द्रावणाचे पाच थेंब टाकून, एकदा हलवून, नळ्या सुमारे ४० अंशांच्या पाण्यात उभ्या कराव्यात.

पहिली नळी काही मिनिटांत रंग टाकते. फक्त वरच्या कडेला, हवेला लागून, एक पातळ निळी रेघ राहते. अंगठा लावून नळी हलवली की सगळे निळे होते आणि ठेवली की पुन्हा फिके पडते. दुसरी आणि चौथी निळीच राहतात. त्यांच्या तळाशी बसणाऱ्या मेलेल्या पेशीही रंग शोषून निळ्या होतात, आणि सूक्ष्मदर्शक असेल तर जिवंत व मृत पेशींतला हा फरक दाखवता येतो. तिसऱ्या नळीला किती वेळ लागतो ते मुलांनी घड्याळ लावून लिहून ठेवावे. मग ग्लिसरीनचे प्रमाण निम्म्यावरून पाव करून पुन्हा पाहावे. यीस्टचा ताजेपणा आणि पाण्याचे तापमान यांनुसार प्रत्येक गटाचे आकडे थोडे वेगळे येतील. ते तसेच फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत.